असुरलोकातले योद्धे : मध्ययुगीन जपानी युद्धकथांतील धर्म आणि शौर्य

रणांगणावर लढता लढता मरण पावलेला योद्धा मृत्यूनंतर कोठे जातो, हा प्रश्न वीरकाव्याची परंपरा असलेल्या समाजांना केव्हा ना केव्हा पडतोच. भारतीय परंपरेतील त्याचे सर्वपरिचित उत्तर महाभारतात मिळते : सन्मुख युद्धात पडलेल्या क्षत्रियासाठी स्वर्गाचे दार उघडे असते. या उत्तराला याच भूमीत प्रत्युत्तरही मिळाले आहे. पाली संयुत्तनिकायात योद्ध्यांचा एक नायक भगवान बुद्धांकडे येतो आणि विचारतो की, त्वेषाने लढताना जो मारला जातो तो देवलोकी जातो असे आमचे पूर्वाचार्य सांगत आले आहेत, याविषयी आपले मत काय? बुद्ध प्रथम उत्तर देण्याचे टाळतात. पुन्हा पुन्हा विचारल्यावर मात्र ते सांगतात की, समोरच्याला ठार करावे या विचाराने ज्याचे चित्त मरणसमयी ग्रासलेले असते त्याला दुर्गतीच प्राप्त होते. हे ऐकून तो योद्धा रडू लागतो. आपल्याला दुर्गती मिळणार याचे त्याला रडू येत नाही. पूर्वाचार्यांनी इतका काळ आपली फसवणूक केली, याचे येते.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये सत्तेवर आलेला शस्त्रधारी वर्ग हे दुसरे उत्तर मानणाऱ्या धर्माच्या छायेत वाढलेला होता. मारणे आणि मरणे हा त्याचा कुलधर्म होता. शिवाय त्यावरच त्याची जमीन, मानमरातब आणि वंशाचे नाव अवलंबून होते. ज्या धर्मावर त्याची श्रद्धा होती तो धर्म मात्र हत्येला पाप म्हणत होता. मध्ययुगीन जपानी युद्धकथा या पेचातून निर्माण झाल्या आहेत. तो पेच त्यांनी सोडविलेला नाही, आणि त्यांचे वाङ्मयीन मोल बऱ्याच अंशी या न सोडविण्यातच आहे.

प्रथम ऐतिहासिक पार्श्वभूमी थोडक्यात पाहावयास हवी. बाराव्या शतकाच्या मध्यापर्यंत जपानची सत्ता आजच्या क्योतो येथील सम्राटाचा दरबार आणि फुजिवारांसारखी उमराव घराणी यांच्या हाती होती. शस्त्रधारी कुळे दरबाराची चाकरी करीत. ११५६ सालच्या होगेन आणि ११५९-६० च्या हेइजी बंडाळ्यांत दरबारातील कलह प्रथमच राजधानीत तलवारीने सोडविले गेले आणि त्यातून ताइरा, म्हणजेच हेइके, हे घराणे वर आले. त्याचा प्रमुख कियोमोरी ११६७ साली महामंत्री झाला, आणि ११८० साली त्याच्या मुलीचा मुलगा आंतोकु बालवयातच सम्राट झाला. त्याच वर्षी मिनामोतो या प्रतिस्पर्धी घराण्याने उठाव केला. ११८१ साली कियोमोरी वारला, ११८४ साली इचि-नो-तानीच्या किनाऱ्यावर हेइके हरले आणि ११८५ साली दान्-नो-उरा येथील सागरी युद्धात त्यांचा संपूर्ण विनाश झाला. बाल सम्राटाला घेऊन त्याच्या आजीने समुद्रात उडी घेतली. विजेत्या मिनामोतो नो योरितोमोने कामाकुरा येथे आपले सत्ताकेंद्र उभारले आणि ११९२ साली त्याला शोगुन ही पदवी मिळाली.

या घटनांकडे समकालीन लोक जगाचा ऱ्हास म्हणून पाहत होते. बुद्धाचा उपदेश कालौघात क्षीण होत जाऊन अखेर नामशेष होतो, या कल्पनेनुसार १०५२ सालापासून जपानमध्ये धर्माचे अंतिम युग, म्हणजे 'माप्पो', सुरू झाल्याचे मानले जाई. तेंदाइ पंथाचा प्रमुख मठाधिपती जिएन याने १२२०च्या सुमारास लिहिलेल्या 'गुकान्शो' या इतिहासग्रंथात होगेनच्या बंडाळीपासून योद्ध्यांचे युग सुरू झाले असे म्हटले आहे. दान्-नो-उराच्या युद्धात सम्राटाची परंपरागत तलवार समुद्रात बुडाली. यापुढे सम्राटाचे रक्षण योद्धेच करणार असल्याने तलवारीची गरज उरली नाही, असा त्या घटनेचा अर्थ जिएनने लावला. उमराव कुळात जन्मलेल्या एका भिक्षूने नव्या सत्तेला दिलेली ही मान्यता आहे आणि तिच्यात खिन्नता आहे.

११८५ सालच्या त्या पराभवानंतर काही महिन्यांतच राजधानीला मोठ्या भूकंपाचा धक्का बसला. कियोमोरी नागरूप घेऊन भूमी हलवीत आहे, अशी वदंता पसरल्याचे जिएन नोंदवितो. अकाली आणि सूडबुद्धीने मेलेल्यांचे आत्मे जिवंतांना छळतात, ही जपानमधील जुनी समजूत होती. मृतांची शांती करणे हे म्हणूनच राजसत्तेचेही काम होते, आणि होगेनपासूनच्या युद्धांतील मृतांसाठी प्रार्थना व्हावी म्हणून जिएनने एक मंदिरही स्थापिले होते. चौदाव्या शतकातील निबंधकार केन्को याने नमूद केलेल्या परंपरेनुसार, याच जिएनच्या आश्रयाला असलेल्या युकिनागा नावाच्या माजी अधिकाऱ्याने 'हेइके मोनोगातारी' म्हणजे हेइके घराण्याची कथा रचली आणि शोबुत्सु नावाच्या आंधळ्या गायकाला ती शिकविली. ही परंपरा अक्षरशः खरी असो वा नसो, कथेचा जन्म मृतांच्या शांतिविधीच्या परिसरात झाला, एवढे तीवरून दिसते.

'हेइके मोनोगातारी' ही प्रामुख्याने ऐकण्याची कथा होती. 'बिवा' हे चार तारांचे वाद्य छेडीत, भिक्षूचा वेष धारण केलेले आंधळे गायक ती गावोगावी गात. काकुइचि या श्रेष्ठ गायकाने १३७१ साली मृत्यूपूर्वी लिहवून घेतलेली संहिता आज प्रमाण मानली जाते. तिच्या बारा पर्वांच्या अखेरीस एक स्वतंत्र समारोपपर्व जोडलेले आहे. कथेचा प्रारंभ जपानमध्ये होत नाही, हे भारतीय वाचकाने विशेष लक्षात घ्यावे. तिच्या पहिल्याच वाक्यांत श्रावस्तीच्या जेतवन विहारातील घंटेचा नाद आहे आणि बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचे साक्षी असलेले शालवृक्ष आहेत. सर्व अनित्य आहे आणि उन्मत्तांचा उत्कर्ष टिकत नाही, हा त्या प्रतिमांचा आशय. कथा सुरू होण्यापूर्वीच श्रोत्याला शेवट सांगितला जातो. कोण जिंकले याचे कुतूहल त्यामुळे शिल्लकच राहत नाही. कोण कसे मेले, एवढेच ऐकावयाचे उरते.

कियोमोरीच्या मृत्यूचे वर्णन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तापाने होरपळत असताना तो शेवटची इच्छा सांगतो : माझ्यासाठी स्तूप बांधू नका, विधी करू नका, योरितोमोचे शिर कापून माझ्या थडग्यासमोर टांगा. शत्रूच्या नाशाखेरीज काहीही न मागणे हे कडव्या योद्ध्याला शोभणारेच म्हणावे लागेल. पण कथेच्या चौकटीत याहून भयंकर मरण नाही, कारण मरणसमयीचे चित्त पुढचा जन्म ठरविते अशी श्रोत्यांची श्रद्धा आहे. संयुत्तनिकायातील त्या योद्ध्याला मिळालेले उत्तर येथे नाव न घेता पुन्हा ऐकू येते.

त्याचा मुलगा शिगेहिरा याच्या कथेत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. ११८१च्या जानेवारीत त्याच्या हुकमतीखालील सैन्याने नारा येथील सशस्त्र भिक्षूंवर स्वारी केली. तीत लागलेल्या आगीत तोदाइ-जी आणि कोफुकु-जी ही प्राचीन मंदिरे जळाली आणि तोदाइ-जीमधील बुद्धाची महामूर्ती वितळली. पुढे इचि-नो-तानी येथे शिगेहिरा पकडला गेला. कैदेत असताना तो होनेन या भिक्षूची भेट मागतो, असे कथा सांगते. ११३३ साली जन्मलेला होनेन जपानमधील सुखावती पंथाचा प्रवर्तक होय. अमिताभ बुद्धाचे नाम श्रद्धेने उच्चारणाऱ्याला, तो कितीही पापी असला तरी, सुखावती या विशुद्ध भूमीत जन्म मिळतो, असे तो शिकवी. विद्वत्ता, दानधर्म किंवा निष्कलंक आचरण यांची अट त्याने ठेवली नाही. ज्यांना शस्त्र टाकणे शक्य नव्हते अशा योद्ध्यांना या शिकवणुकीचे आकर्षण का वाटले असेल, हे सहज समजते. वधापूर्वी शिगेहिरा देवदत्ताचे उदाहरण आठवतो : बुद्धांचा घात करू पाहणाऱ्यालाही पुढे बुद्धत्व मिळेल असे भाकीत 'सद्धर्मपुंडरीक' सूत्रात आहे, मग माझ्यासारख्याला आशा का नसावी? शिगेहिरा दोषी आहे, त्याला देहदंड मिळतो, आणि कथा त्याला आशाही नाकारीत नाही.

या संपूर्ण परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग अर्थातच कुमागाइ नाओझाने आणि आत्सुमोरी यांचा आहे. इचि-नो-तानीच्या विजयानंतर मिनामोतो पक्षाचा कुमागाइ किनाऱ्यावर तोलामोलाचा शत्रू शोधत असतो. मोठे शिर म्हणजे मोठे बक्षीस. नौकेकडे निघालेल्या एका भरजरी स्वाराला तो आव्हान देतो, खाली पाडतो, शिरस्त्राण उचकटतो आणि पाहतो तर समोर आपल्या मुलाच्या वयाचा, सोळा-सतरा वर्षांचा तरुण. सकाळी स्वतःचा मुलगा किंचित जखमी झाला तेव्हा आपल्या जिवाची जी कालवाकालव झाली ती त्याला आठवते. त्याला सोडून द्यावे असे त्याच्या मनात येते; पण मागून स्वपक्षाचे स्वार येत असतात. ते त्याला जिवंत सोडणार नाहीत. तेव्हा तुझ्यासाठी मीच प्रार्थना करीन असे सांगून कुमागाइ त्याचे शिर कापतो. मग मृताच्या कमरेला बासरी सापडते, आणि पहाटे शत्रूच्या तळावरून ऐकू आलेले सूर याचेच होते हे उमगते. योद्ध्याच्या कुळात जन्मलो नसतो तर हे करावे लागले नसते, या जाणिवेने तो विदीर्ण होतो आणि त्याची पावले प्रव्रज्येकडे वळतात.

कुमागाइ पुढे खरोखरच होनेनचा शिष्य झाला. पण का झाला? कामाकुराच्या राजवटीचा अधिकृत वृत्तांत असलेला 'आझुमा कागामी' हा ग्रंथ वेगळेच कारण देतो. ११९२ साली कुगे नाओमित्सु या नातलगाशी कुमागाइचा जमिनीच्या हद्दीवरून तंटा योरितोमोपुढे आला. लढाईत बहादूर असलेला कुमागाइ बोलण्यात कच्चा होता. प्रश्नांना नीट उत्तरे देता येईनात, तेव्हा प्रतिपक्षाचा पक्षपात होत आहे असे म्हणत त्याने कागदपत्रे भिरकावली, तेथेच आपली शेंडी कापली आणि तो निघून गेला. या हकिगतीत आत्सुमोरी नाही, बासरी नाही, पश्चात्तापही नाही.

हा विरोध पाहून इतिहास खरा आणि साहित्य खोटे असा निकाल देणे सोपे आहे, पण तो उपयोगाचा नाही. वृत्तांतातील कुमागाइ आपल्याला त्या काळच्या योद्ध्याचे वास्तव दाखवितो. त्याचे जगणे जमीन आणि बक्षीस यांभोवती फिरे. १२७४ साली मंगोलांशी लढलेला ताकेझाकि सुएनागा आपल्या पराक्रमाची दखल घेतली गेली नाही म्हणून पुढील वर्षी दूरच्या क्यूशूहून कामाकुराला गेला आणि दाद मागून जमिनीवरचा अधिकार मिळवून परतला. पुढे त्याने ही सारी हकीगत चित्रपटांवर रंगवून घेतली. ते आजही उपलब्ध आहेत. रणांगणावर मोठ्याने स्वतःचे नाव व कुळ उच्चारण्याची युद्धकथांतील पद्धत आपल्याला काव्यमय वाटते. परंतु पराक्रमाला साक्षीदार मिळावा ही व्यावहारिक गरजही तिच्यामागे असावी. 'हेइके'तील कुमागाइदेखील सुरुवातीला बक्षिसासाठीच शत्रू शोधतो, हे कथाकाराने लपविलेले नाही. त्याच्या हिशेबात एका क्षणी एक चेहरा आडवा येतो, एवढेच तो दाखवितो. जमिनीच्या तंट्यावरून संसार सोडणाऱ्या माणसाच्या मनात आणखी काय साठलेले होते ते वृत्तांताला नोंदविता येत नाही. कथेने त्या रिकाम्या जागेत एका काळाचा सगळा सल ठेवला.

समारोपपर्वात हा सल एका स्त्रीच्या मुखाने व्यक्त होतो. आंतोकुची आई केन्रेइमोन-इन हिला समुद्रातून बाहेर काढण्यात आले होते. ती भिक्षुणी होऊन ओहारा येथील जाक्को-इन या एकाकी मंदिरात राहू लागली. ११८६ साली निवृत्त सम्राट गो-शिराकावा तिला भेटावयास येतो तेव्हा ती सांगते की, बौद्ध कल्पनेतील सहा गती मी याच देहात भोगल्या आहेत. राजवाड्यातील वैभव हा देवलोक होता. वियोग ही मनुष्यगती. भोवती समुद्र असून प्यावयास पाणी नाही, ही प्रेतांची तहान. इचि-नो-तानीनंतर रात्रंदिवस चाललेला संग्राम हा असुरलोक आणि दान्-नो-उरा येथील आक्रोश हा नरक. युद्धाचा हा हिशेब पराक्रमाच्या यादीत कोठेच बसत नाही. आपल्याकडील स्त्रीपर्वाची येथे आठवण होते. मात्र महाभारत तेथे थांबत नाही, 'हेइके' मात्र या भिक्षुणीच्या मरणापाशी संपते.

'असुरलोक' हा शब्द पुढे नो नाट्याच्या केंद्रस्थानी आला. मराठी कानाला जपानी 'शुरा' हा शब्द 'शूर' या शब्दासारखा ऐकू येतो. पण तो आला आहे 'असुर' या शब्दापासून, चिनी भाषेमार्गे. सतत लढत राहण्याचा शाप असलेले असुर ही सहा गतींपैकी एक गती. रणांगणावर मेलेला योद्धा तेथे जातो आणि त्याचे युद्ध मरणानंतरही थांबत नाही. अशा योद्ध्यांच्या पिशाचांवरील नाटकांना 'शुरा'नाट्ये म्हणतात. या प्रकाराला परिपूर्ण रूप देणारा झेआमी (सुमारे १३६३ ते १४४३) याने गेन्जी-हेइकेंच्या वीरांविषयीची नाटके 'हेइके'च्या कथेला धरूनच लिहावीत असे नाट्यकारांना सांगितले आहे. आज प्रयोगात असलेल्या या वर्गातील नाटकांपैकी विजेत्यांची म्हणून तीनच ओळखली जातात. बाकीची पराभूतांची आहेत. विजेत्यांतही योशित्सुनेसारखा सेनापती 'याशिमा' नाटकात असुरलोकातून सुटलेला नाही.

झेआमीच्या 'आत्सुमोरी' नाटकात भिक्षू झालेला कुमागाइ इचि-नो-तानीला परततो. तेथे बासरी वाजविणारा एक गवत कापणारा त्याला भेटतो. तोच आत्सुमोरीचे पिशाच आहे. उत्तरार्धात पिशाच आपल्या वधाचा प्रसंग पुन्हा जगते आणि सूडासाठी तलवार उगारते. पण ज्याच्यावर तलवार पडावयाची तो अनेक दिवस आपल्याच मुक्तीसाठी अमिताभाचे नाम घेत आहे, हे त्याला जाणवते, आणि पूर्वीचा शत्रू धर्ममार्गातील सोबती ठरतो. लक्षात घ्यावयाचे ते हे की, कुमागाइने केलेली हत्या नाटकात कोठेही योग्य ठरविली जात नाही. तसेच त्याला शिक्षाही होत नाही. मारणारा आणि मेलेला दोघेही एकाच बंधनात अडकले आहेत आणि सुटलेच तर दोघे मिळून सुटतील, असा या नाटकाचा अभिप्राय आहे.

ही दृष्टी रंगमंचापुरती मर्यादित नव्हती. मंगोल आक्रमणानंतर १२८२ साली होजो तोकिमुने याने कामाकुरा येथे एंगाकु-जी हे मंदिर स्थापिले ते दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी. १३३९ साली आशिकागा ताकाउजीने क्योतोमध्ये तेन्र्यू-जीची स्थापना केली ती, ज्याच्याशी तो लढला होता त्या गो-दाइगो सम्राटाच्या शांतीसाठी. यात पिशाचांचे भय होते आणि राजकारणही होते. परंतु मेलेला शत्रू मृतांच्या यादीतून वगळता येत नाही, हे तत्त्व त्यात गृहीत होते.

चौदाव्या शतकाच्या युद्धांवरील 'ताइहेइकी' या चाळीस खंडांच्या कथेत याच पेचाचे वेगळे रूप दिसते. १३३६ साली मिनातोगावा येथे पराभव अटळ झाल्यावर गो-दाइगोचा सेनापती कुसुनोकी मासाशिगे आपल्या भावाला अखेरची इच्छा विचारतो. भाऊ सांगतो की, सात वेळा मनुष्यजन्म घेऊन सम्राटाच्या शत्रूंचा नाश करावा. मासाशिगे म्हणतो की, हा विचार पापमय आहे, पण माझीही इच्छा तीच आहे. मग दोघे एकमेकांना भोसकून मरतात. स्वामिनिष्ठेचा असा गौरव करतानाही तिला पाप म्हणण्याचे धैर्य मध्ययुगीन कथाकारापाशी होते. दोन्ही गोष्टी तो एकाच वाक्यात ठेवतो आणि पुढे जातो.

आधुनिक काळात या वाक्यातील अर्धा भाग नाहीसा झाला. मेइजी राजवटीने मासाशिगेला राजनिष्ठेचा आदर्श ठरविले. १८७२ साली त्याच्या नावे मिनातोगावा मंदिर उभे राहिले आणि तोक्योतील राजवाड्यासमोर त्याचा अश्वारूढ पुतळा आला. सात जन्मांची प्रतिज्ञा घोषवाक्य झाली, तिला जोडलेला 'पापमय' हा शब्द मात्र गळाला. १९४५ साली ओकिनावाच्या लढाईत आत्मघातकी वैमानिकांच्या मोहिमेला 'किकुसुइ' हे मासाशिगेचेच कुलचिन्ह नाव म्हणून देण्यात आले. तत्पूर्वी १९०० साली नितोबे इनाझो यांच्या 'बुशिदो' या इंग्रजी ग्रंथाने कुमागाइचा प्रसंग जपानी योद्ध्याच्या कारुण्याचा दाखला म्हणून जगापुढे ठेवला. जी कथा योद्ध्याच्या कुळात जन्मल्याबद्दल आकांत करते तीच त्या कुळाच्या संहितेचे भूषण झाली. मध्ययुगीन मानला जाणारा 'हागाकुरे' हा मृत्युप्रवण ग्रंथदेखील अठराव्या शतकाच्या प्रारंभीचा, म्हणजे शंभर वर्षांच्या शांततेनंतरचा आहे, याचाही विसर पडला. मृतांच्या स्मरणाची रीतही बदलली. १८६९ साली तोक्योत स्थापन झालेल्या आणि पुढे यासुकुनी म्हणून ओळखल्या जाऊ लागलेल्या मंदिरात सम्राटाच्या बाजूने लढून मेलेल्यांना स्थान मिळाले. नुकत्याच झालेल्या यादवी युद्धात विरुद्ध पक्षाने लढून मेलेल्या आयझूच्या योद्ध्यांना तेथे जागा नव्हती.

म्हणून जुन्या युद्धकथांना आजच्या अर्थाने युद्धविरोधी म्हणणेही बरोबर होणार नाही. चिलखतांच्या रंगीत दोऱ्यांची, घोड्यांची आणि धनुष्यांची वर्णने त्या मोठ्या आवडीने करतात. त्यांतील शोक बहुधा नाव असलेल्यांसाठी आहे. ज्यांची घरे सैन्यांनी जाळली ते शेतकरी आणि नाव उच्चारण्याची संधीही न मिळालेले पायदळातील शिपाई त्यांत क्वचितच दिसतात. पराभूतांच्या आत्म्यांची शांती झाली म्हणजे विजेत्याचे राज्य निर्वेध होते, हा त्यामागील हिशेबही नाकारता येत नाही.

तरीही एक गोष्ट उरते. संयुत्तनिकायातील योद्ध्याला पूर्वाचार्यांनी स्वर्गाचे आश्वासन दिले होते. मध्ययुगीन जपानच्या गायकांनी आणि नाटककारांनी आपल्या योद्ध्यांना ते दिले नाही. पराक्रमाचे वर्णन करून झाल्यावर त्यांनी त्याची किंमतही सांगितली, आणि ती सांगताना मेलेला कोणत्या पक्षाचा होता हे विचारले नाही. युद्धाविषयीचे साहित्य अभ्यासताना, कोणत्या पिढीने त्यातले कोणते अर्धे वाक्य गाळले आहे हे तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते. जपानच्या बाबतीत ते अर्धे वाक्य अद्याप संहितांमध्ये शाबूत आहे.